स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाची सेवा: पुण्यात नव्याने काम धरणाऱ्यांसाठी

हा लेख दोन प्रकारच्या माणसांसाठी आहे. ब्युरोमार्फत किंवा ओळखीतून घरी जाऊन रुग्ण सांभाळायचं काम नुकतंच धरलेल्या मावशी, ताई आणि मामा. आणि ज्यांच्या घरात आई, सासरे किंवा आत्या विसरायला लागली आहे आणि सगळंच अंगावर आलं आहे, असे घरचे लोक. पुण्यात हे दोघं बहुतेक एकाच घरात भेटतात. मुलगा हिंजवडीला किंवा परदेशात, सून नोकरीवर, आणि कोथरूड-सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये आजी-आजोबा आणि बारा तासांच्या ड्युटीवरची मावशी. कामाला लावताना बीपी मोजणं, शुगर तपासणं, डायपर आणि कूस बदलणं शिकवतात. मेंदू थकलेल्या माणसाशी वागायचं कसं, हे सांगायला फारसं कुणी थांबत नाही. ते न कळल्यामुळे मनाने चांगली, हाताने कष्टाळू माणसं पंधरा दिवसांत काम सोडताना मी पाहिली आहेत.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: रुग्णाचं वागणं बिघडलं की आधी कारण शोधायचं. समजावणं, रागावणं, गोळी देणं हे सगळं त्यानंतर.

पहिली पायरी: नक्की कोणता आजार आहे ते विचारा

‘डिमेन्शिया आहे’ एवढं सांगून घरचे मोकळे होतात. तुम्ही तेवढ्यावर समाधान मानू नका. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, ही मेंदूच्या निरनिराळ्या आजारांतून येणारी अवस्था आहे, आणि आजारागणिक सांभाळण्याची तऱ्हा बदलते. भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना तो असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. तेव्हा तुमचा रुग्ण जगावेगळा नाही.

सर्वांत जास्त आढळतो अल्झायमर. शंभरातल्या साठ-सत्तर रुग्णांना तोच असतो. नवी आठवण साठवून ठेवणारा मेंदूचा भाग आधी झिजतो, म्हणून तासाभरापूर्वी जेवल्याचं आठवत नाही, पण शाळेतल्या मास्तरांचं नाव, पावकी-निमकीचे पाढे धडाधड म्हणता येतात. घरच्यांना वाटतं, ‘हवं तेव्हा बरं आठवतं!’ तसं नाही. आठवण्याची निवड त्यांच्या हातात राहिलेली नसते.

दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांचा. मेंदूत लहान-मोठे झटके येऊन गेलेले असतात आणि माणूस पायरी-पायरीने खाली येतो. इथे बीपी आणि शुगरच्या गोळ्या चुकवून चालत नाही. तिसरा लेवी बॉडी: सकाळी स्वच्छ, दुपारी गोंधळलेले, चाल अडखळती, आणि खोलीत लहान मुलं किंवा प्राणी दिसणं. हे नाव फाइलवर असेल तर ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि दवाखान्यात कुणीही ‘शांत करायचं’ इंजेक्शन द्यायला आलं तर आधी सांगा. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने या रुग्णांचं अंग ताठून जीव धोक्यात येऊ शकतो. चौथा मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाचा, जो बरेचदा पासष्टीच्या आतच सुरू होतो. यात स्मरणशक्ती ठीक असते पण भीडमुर्वत जाते, शब्द हरवतात, गोड खाण्याचा सपाटा लागतो. घरच्यांना तो बरीच वर्षं ‘स्वभाव बिघडला’ असाच वाटतो.

बी१२, थायरॉइड आणि मेंदूचा स्कॅन झाला आहे का, हेही विचारा. बी१२ ची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास असते. ती आणि थायरॉइडचा बिघाड या दोन्हींमुळे विसराळूपणा येतो आणि औषधाने तो सुधारू शकतो. तपासणी झालीच नसेल तर ‘वय झालं, चालायचंच’ यावर विश्वास ठेवू नका. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ दोघंही हे पाहतात. खासगी परवडत नसेल तर ससूनला मानसोपचार विभाग आहे.

दुसरी पायरी: तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका

संपूर्ण लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. स्मृतिभ्रंश, वात आणि नैराश्य बाहेरून सारखे दिसतात. तिन्हींची निकड मात्र वेगळी आहे.

स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. तो सहसा एका रात्रीत वाढत नाही. काल वरण-भात नीट जेवलेले आजोबा आज चादर चिवडतायत, भिंतीवरच्या माणसाला हाका मारतायत, तर तो वात, डॉक्टरांच्या भाषेत डिलिरियम. त्याचं दुसरं रूप जास्त फसवं: माणूस दिवसभर ग्लानीत पडून राहतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो. ‘आज शांत आहेत’ म्हणून सगळ्यांना हायसं वाटतं आणि दोन दिवस वाया जातात.

वाताचं मूळ बहुतेक वेळा मेंदूबाहेर असतं. म्हणून फोन करण्याआधी पाच मिनिटांत हे पाहून घ्या: ताप आहे का, लघवी किती वेळा झाली, रंग-वास कसा, की तुंबली आहे, शौचाला होऊन किती दिवस झाले, पाणी किती गेलं पोटात, कुठे हात लावल्यावर कण्हतात का, या आठवड्यात कोणती गोळी नवी आली किंवा बंद झाली, पडले होते का. पडण्याबद्दल मागचे काही आठवडेही विचारा, कारण म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात रक्त हळूहळू साचतं आणि त्रास उशिरा दिसतो. रक्तातलं सोडियम उतरणं हे पुण्यातल्या घरांत आता ओळखीचं झालं आहे, विशेषतः बीपीसाठी लघवीची गोळी चालू असलेल्यांत. हे सगळं टिपून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तोंड वाकडं होणं, एका बाजूची शक्ती जाणं, बोलणं जड होणं यातलं काही अचानक झालं तर वाट न पाहता १०८.

नैराश्य आठवड्यांत येतं. जोडीदार गेल्यावर, घर बदलल्यावर, ऐकू येणं कमी झाल्यावर. ढोबळ फरक असा: स्मृतिभ्रंश झालेला माणूस चूक झाकतो, थट्टेवारी नेतो, काहीतरी उत्तर देतो, नैराश्यातला माणूस ‘मला नाही माहीत, मला विचारू नका’ म्हणून तोंड फिरवतो आणि स्वतःच्या विसरण्याबद्दल फार तक्रार करतो. दोन्ही एकत्रही असतात. नैराश्याला औषध लागू पडतं, म्हणून ते ओळखायचं.

आपल्याकडे वयस्कर माणसं ‘आता देवाने न्यावं’ हे येता-जाता म्हणतात. दर वेळी घाबरून जायचं कारण नाही, पण दर वेळी कानाआडही करू नका. त्यासोबत जेवण तुटलं असेल, झोप उडाली असेल, वस्तू वाटून टाकणं चालू असेल किंवा गोळ्या साठवलेल्या सापडल्या, तर सरळ विचारा, ‘आजी, जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही, उलट साचलेलं बोललं जातं. उत्तर काहीही आलं तरी त्याच दिवशी घरच्यांना सांगा, गोळ्यांचा डबा कुलपात ठेवा आणि त्यांना एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

पुण्यात एक अडचण हमखास येते. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की घरात कुणीतरी म्हणतं, ‘म्हणजे काय येरवड्याला पाठवायचं का?’ येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या या भीतीपायी कित्येक आजी-आजोबांचं नैराश्य वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. त्यांना शांतपणे सांगा की बीपीसाठी जातो तसंच जायचं, ओपीडीत तपासून घरी यायचं.

तिसरी पायरी: पहिल्या दिवशी माणसाची माहिती घ्या

फाइल पाहून झाल्यावर अर्धा तास घरच्यांशी बसा. एक वही घाला आणि त्यात लिहून घ्या: बालपण कुठे गेलं, काम काय केलं, कामाच्या वेळा काय होत्या, भावंडांची नावं, त्यातलं कोण हयात आहे, लोक काय हाक मारतात, चहा कसा लागतो, देवपूजा करतात का, कशाची भीती वाटते, चष्मा, कवळी, कानाचं मशीन कुठे ठेवतात. मशीनची बॅटरी रोज तपासा. निम्मा ‘गोंधळ’ कधीकधी नुसता न ऐकू येण्याचा असतो.

ही माहिती कशी कामाला येते ते पाहा. आकुर्डीच्या कारखान्यात नोकरी केलेले एक आजोबा पहाटे साडेचारला उठून बूट चढवायचे आणि दार उघडायला धडपडायचे. रात्रपाळीचे मामा त्यांना धरून परत झोपवायचे आणि रोज झटापट. पहिल्या पाळीची कंपनीची बस पहाटे चौकात यायची, हे मुलीने सांगितल्यावर सगळं उलगडलं. मग मामा साडेचारला चहा टाकू लागले. ‘साहेब, चहा घ्या, मग बघू’ म्हणायचं, शेजारी बसायचं, कोणत्या खात्यात होता ते विचारायचं. अर्ध्या तासात बूट त्यांच्या हातानेच निघायचे. ‘तुम्ही रिटायर झालात’ हे रोज पहाटे सांगून कुणाचं भलं होणार होतं?

त्याच दिवशी आणखी एक काम करा, तुमच्या स्वतःच्या रक्षणासाठी. अंगावरचे दागिने आणि खोलीतले पैसे घरच्यांसमोर मोजून यादी करा, मोबाइलवर फोटो काढा आणि बाकी मौल्यवान वस्तू कुलपात ठेवायला सांगा. आणि कोणत्याही कागदावर रुग्णाची सही किंवा अंगठा घेण्यात, साक्षीदार होण्यात पडू नका. कुणीही सांगितलं तरी.

चौथी पायरी: बोलणं

समोरून जा, नजरेच्या पातळीवर या, नाव घ्या, तुमचं नाव सांगा. एका वेळी एकच गोष्ट सांगा: ‘आजी, हात धुऊया.’ मग थांबा. उत्तर यायला वेळ लागतो, मनातल्या मनात दहा मोजा. पुन्हा सांगायचं झालं तर तेच शब्द वापरा, कारण नवे शब्द म्हणजे त्यांच्यासाठी नवं वाक्य. ‘काय घालू?’ असं मोकळं विचारण्यापेक्षा दोन साड्या हातात धरून दाखवा. ‘आठवतंय का?’, ‘मगाशीच सांगितलं ना!’, ‘मी कोण सांगा बरं?’ ही तीन वाक्यं कायमची सोडून द्या. पाहुण्यांनाही तसं सांगा. गौरी-गणपतीला घरात दहा जण येतात आणि प्रत्येक जण ‘ओळखलंत का मला?’ विचारतो, त्या एका प्रश्नाने म्हातारं माणूस दिवसभर ओशाळून बसतं. दारातच सांगून ठेवा, ‘आत गेल्यावर आपलं नाव आणि नातं सांगा.’

रुग्ण खरं नसलेलं बोलतो तेव्हा काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. नारायण पेठेत वाढलेल्या एका आजींचं सांगते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत घुसलं, तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या. आता त्या वारज्याला सातव्या मजल्यावर राहतात. पण पावसाचा जोर वाढला की त्या स्वयंपाकघरातले डबे एकेक करून पलंगावर आणून ठेवू लागतात आणि ‘आईला बोलवा, पाणी चढतंय’ म्हणून रडतात. नवीन ताई डबे परत जागेवर ठेवायची आणि सांगायची, ‘आजी, सातव्या मजल्यावर पाणी कसं येईल?’ त्याने आजींची घालमेल वाढायची, कारण पाणी चढतंय आणि मदतीची माणसंच डबे खाली नेतायत!

उपाय असा निघाला. पाऊस लागला की ताईने खिडक्या आणि पडदे लावायचे, दिवे लावायचे, आजींचा हात हातात घ्यायचा. ‘खूप भीती वाटतेय ना? मी आहे इथे, कुठे जात नाही.’ डबे त्यांना ठेवू द्यायचे, दोन आपणही उचलून द्यायचे. मग विचारायचं, ‘तेव्हा तुमच्याकडे पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ आजी सांगू लागायच्या आणि सांगता सांगता रडणं ओसरायचं. डबे संध्याकाळी, त्या झोपल्यावर, जागेवर. आईबद्दल ‘त्या वारल्या’ असं सांगायचं नाही, कारण दर वेळी तो धक्का नवा असतो. ‘येतीलच’ असं खोटंही मी सांगायला लावत नाही. ‘आईची आठवण येतेय का? कशा होत्या त्या?’ एवढ्याने वेळ निभावते.

पाचवी पायरी: अंघोळ

रोजच्या कामात सर्वांत जास्त भांडणं इथे होतात. कपडे उतरवणं म्हणजे लाज, थंडी, आणि अनोळखी हात. म्हणून वेळ त्यांच्या सवयीची ठेवा. जन्मभर पहाटे देवपूजेआधी अंघोळ केलेल्या माणसाला अकरा वाजता नेऊ नका. टॉवेल, कपडे, साबण आधी मांडून घ्या, म्हणजे त्यांना ओलं सोडून धावावं लागणार नाही. फरशी कोरडी, रबरी मॅट, पकडायला दांडा, बसायला पाठ असलेली प्लॅस्टिकची खुर्ची. पाणी कोपराने तपासा. डोक्यावरून शॉवर सोडू नका, अचानक पडणाऱ्या पाण्याने घाबरगुंडी उडते. बादली-तांब्या बरा, कारण तो ओळखीचा. पहिला तांब्या पायांवर, मग गुडघे, मग वर. तांब्या त्यांच्या हातात द्या. जमेल तेवढं त्यांनी घ्यावं. खांद्यावरून पातळ पंचा किंवा जुना सुती गाऊन राहू दिला तर लाज राखली जाते आणि त्यावरूनही अंग धुता येतं. प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा.

नाहीच म्हटलं तर सोडून द्या आणि वीस मिनिटांनी पुन्हा विचारा. एखाद्या दिवशी कोमट पाण्यात पंचा पिळून अंग पुसलं तरी चालतं, फक्त काखा, जांघा आणि बसण्याची जागा नीट स्वच्छ करून कोरडी करा. तेव्हाच माकडहाड, टाचा, कमरेची हाडं यावर लाली आहे का पाहा. दाबल्यावर न जाणारी लाली ही बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. झोपून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. एक विशेष सांगते: रोज आनंदाने येणारे आजोबा अचानक अंघोळीला हात लावू देईनासे झाले तर कुठेतरी दुखत असण्याची शक्यता आधी धरा.

सहावी पायरी: जेवण

स्टीलच्या चकचकीत ताटात पांढरा भात थकलेल्या नजरेला नीट दिसत नाही. गडद रंगाची ताटली घ्या, एका वेळी एकच-दोन पदार्थ वाढा. घास भरवताना रुग्ण सरळ बसलेला हवा, मान मागे टाकलेली नको, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास तसंच बसवून ठेवा. आडवं करून भरवणं म्हणजे अन्न फुप्फुसात जाण्याला वाट करून देणं. जेवताना ठसका लागतो, आवाज ओला घोगरा होतो, किंवा घास गालात साठून राहतो, तर डॉक्टरांना सांगा. अशांना पातळ आमटीत अर्धवट शिजलेला भात सर्वांत अवघड जातो, कारण पाणी आधी घशात उतरतं आणि शीत मागे राहतं. त्यापेक्षा एकजीव मऊ खिमट, घट्ट दही-भात, शिरा, दाट सूप. चिवडा, शेंगदाणे, कोरडी भाकरी, भडंग नको. दूध-चहा घट्ट करावा का, हे मात्र गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला विचारून ठरवा. पाणी पुरेसं जातंय का पाहा आणि संध्याकाळी सातनंतर कमी करा, म्हणजे रात्री उठणं कमी होईल.

चोरीचा आळ

हे आजाराचं लक्षण आहे आणि ते तुमच्या वाट्याला येणारच. वस्तू ठेवल्याचं आठवत नाही, पण ती जागेवर नाही हे दिसतं. मग मेंदू रिकामी जागा भरून काढतो: घरात नवं माणूस कोण, तर मावशी. ‘माझ्या बांगड्या हिने घेतल्या.’ अंगाचा तिळपापड होतो, स्वाभाविक आहे. पण शपथा घेऊ नका, भांडू नका. ‘बांगड्या सापडत नाहीत, वाईट वाटतंय ना? चला, दोघी मिळून शोधू.’ आणि शोधताना वस्तू त्यांच्याच हाताला सापडू द्या, म्हणजे ‘हिनेच आणून ठेवल्या’ असं होत नाही. लपवण्याच्या जागा ठरलेल्या असतात: उशीचा अभ्रा, तांदळाचा डबा, देव्हाऱ्यामागे, जुन्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. वहीत लिहा. घरच्यांना त्याच दिवशी सांगा. पहिल्या दिवशी केलेली यादी इथे तुमच्या बाजूने उभी राहते. घरच्यांनाही सांगणं आहे: मावशीला आजींच्या समोर जाब विचारू नका.

संध्याकाळ, रात्र आणि दार

दिवस कलला की अनेकांची अस्वस्थता वाढते. ‘घरी जायचंय’ सुरू होतं, मग ते घर शनिवार पेठेतला केव्हाच पाडलेला वाडा का असेना. उजेड कमी होण्याआधी दिवे लावा, टीव्हीवरच्या बातम्या आणि किंचाळणाऱ्या मालिका बंद करा, हाताला काम द्या: शेंगा सोलणं, वाती वळणं, टॉवेलच्या घड्या. दुपारची झोप अर्ध्या तासात आटपा आणि सकाळी उन्हात फिरवून आणा. रात्री संडासाच्या वाटेवर मंद दिवा ठेवा. आरशात किंवा काळोख्या काचेत ‘कुणीतरी आहे’ म्हणत असतील तर पडदा ओढा.

दाराला कडी नेहमीपेक्षा उंच किंवा खाली लावा, पण रुग्णाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून कधीही जाऊ नका. आग लागली तर? गळ्यात किंवा मनगटावर नाव आणि घरच्यांचा नंबर, खिशात चिठ्ठी, मोबाइलमध्ये अलीकडचा फोटो. सोसायटीचा वॉचमन, खालचा वाणी, रिक्षा स्टँडवरचे लोक यांना आधी दाखवून ओळख करून ठेवा. हरवले तर दहा-पंधरा मिनिटं इमारतीत, जिन्यात, गच्चीवर शोधा आणि लगेच ११२ ला कळवा. जुन्या घराच्या, ऑफिसच्या दिशेला आधी माणूस पाठवा.

पेठांत राहणाऱ्यांनी गणेशोत्सवाची तयारी महिनाभर आधी करावी. ढोल-ताशा आणि स्पीकरच्या भिंती यांनी छातीत धडधड होते, आणि रुग्णाला तो आवाज कशाचा आहे हेच कळत नाही. विसर्जनाची मिरवणूक रात्रभर चालते आणि लक्ष्मी रोड, टिळक रोडच्या बाजूने गाडी काय, अँब्युलन्ससुद्धा सहज येत नाही. औषधं आठवडाभराची आणून ठेवा, झोपायची खोली मागच्या बाजूला हलवा आणि शक्य असेल तर दोन दिवस नातेवाइकांकडे जा. पण जागा बदलूनही गोंधळ वाढतो, म्हणून त्यांची उशी, चादर, देवाची तसबीर सोबत न्या. घरातली आरती मात्र जरूर म्हणा. नावं विसरलेली माणसं आरती अखेरपर्यंत म्हणतात आणि टाळ्या बरोबर वाजवतात.

औषधं

डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमँटिन या औषधांनी आजार बरा होत नाही. काहींना काही काळ फायदा होतो. डोनेपेझिलने मळमळ, जुलाब, नाडी मंद होणं असं झालं तर कळवा. रिवास्टिग्मिनचा पॅच असेल तर जुना काढल्याशिवाय नवा लावू नका, नाहीतर दुप्पट औषध जातं. रोज जागा बदला आणि पॅचवर तारीख लिहा. सर्दीची किंवा झोपेची गोळी मनाने देऊ नका, कित्येक सर्दीच्या गोळ्यांनी गोंधळ वाढतो. ‘शांत राहायची गोळी’ म्हणून दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी या रुग्णांत पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ती डॉक्टरांनीच, थोड्या दिवसांसाठी, देखरेखीत द्यायची असतात. तुमच्या सोयीसाठी जास्त डोस द्यायला कुणी सांगितलं तर स्वच्छ नकार द्या. पलंगाला हात बांधणं हाही छळच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्मरणशक्तीचा गंभीर बिघाडही येतो आणि अशा माणसाला सन्मानाने जगण्याचा हक्क आहे.

तुमचं मन

मार खाल, चिमटे खाल, शिव्या ऐकाल. एखादे आजोबा नको तिथे हात लावतील. आजाराने भीड गेली हे खरं, पण म्हणून सोसायचं असं नाही. हात बाजूला करा, ‘नाही’ म्हणा, अंतर घ्या, त्याच दिवशी घरच्यांना आणि ब्युरोला सांगा आणि पुरुष सेवक मागा. मारायला उठलेल्या रुग्णाला पकडू नका; दोन पावलं मागे सरका, हात मोकळे ठेवा, थोड्या वेळाने परत या.

चोवीस तासांच्या ड्युटीत सलग झोप मिळत नसेल तर ते आधी बोला. रात्री चार वेळा उठणाऱ्या रुग्णासाठी दोन माणसं लागतात, हे घरच्यांनी समजून घ्यायलाच हवं. आठवड्याची सुट्टी मागून घ्या. विनाकारण रडू येणं, रुग्णावर हात उगारावासा वाटणं, घरी गेल्यावर कुणाशी बोलावंसं न वाटणं, ही थकव्याची लक्षणं आहेत. उगारावासा वाटला तर रुग्ण सुरक्षित बसला आहे याची खात्री करून शेजारच्या खोलीत जा, पाणी प्या आणि कुणाला तरी फोन करा. टेली-मानसचा १४४१६ तुमच्यासाठीही आहे. घरच्या लेकी-सुनांसाठीही. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी, अगदी घरातच त्यांचा छळ होत असल्याचं दिसलं तरी, १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

काम सोडायचं ठरलं तर निदान आठवडाभर आधी सांगा आणि नव्या मावशीसोबत एक-दोन दिवस एकत्र ड्युटी करा. तिला वही द्या आणि प्रत्यक्ष दाखवा: पहिला तांब्या कुठे घालायचा, चहात साखर किती, बांगड्या कुठे सापडतात, आणि पाऊस लागला की काय करायचं.